शोध, फोन आणि कोल्हापुरी पायताण

२०२५ सालच्या जून महिन्यात मिलान येथे प्राडा या इटालियन पेढीने पुरुषांच्या पेहरावाचे जे प्रदर्शन भरविले, त्यातील तरुणांच्या पायांत कोल्हापुरी पायताणाशी हुबेहूब साम्य असलेली पादत्राणे होती. आणि ती केवळ चामड्याची सँडल म्हणून, त्यांच्या मूळ मुलखाचा वा ती घडविणाऱ्या समाजाचा कसलाही निर्देश न करता, जगापुढे मांडली गेल्यामुळे कोल्हापूरपासून अथणीपर्यंत संताप उसळला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहून जाब विचारल्यावर आपली प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे त्या पेढीने मान्य केले. या प्रकरणातील न्याय-अन्यायाचा ऊहापोह पुष्कळ झाला आणि तो होणे रास्तच होते. परंतु व्यापाराच्या दृष्टीने त्या दिवसांत आणखी एक गोष्ट घडत होती, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष पुरविले नाही. ज्यांनी आयुष्यात कधी कोल्हापूरचे नाव ऐकले नव्हते अशी माणसे, ती बातमी वाचता वाचता, हातातल्या त्याच फोनवर, हे पायताण असते तरी कसे, खरे कोणते आणि मिळते कोठे, याचा शोध घेऊ लागली असणार. एवढी प्रसिद्धी विकत घेण्याची ऐपत कोल्हापुरातील कोणत्याही दुकानदाराची नाही. ती अनायासे चालून आली होती. मात्र तिचा लाभ कोणाच्या पदरात पडावा, याचा निर्णय चामड्याच्या प्रतीवरून, शिलाईच्या सुबकपणावरून किंवा घराण्याच्या लौकिकावरून व्हावयाचा नव्हता. शोध घेणाऱ्याच्या फोनवर ज्याचे पान उमटले, आणि उमटल्यावर वाचता आले, त्याच्याकडे गिऱ्हाईक गेले; ज्याचे उमटले नाही तो कितीही कसबी कारागीर असला तरी त्या गिऱ्हाइकाच्या लेखी अस्तित्वातच नव्हता.

या कारागिराजवळ सांगण्यासारखे काही नाही, असे मुळीच नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या रसात चामडे कमावण्याची रीत, तळाचे थर एकमेकांवर बसवून ते चामड्याच्याच वादीने शिवण्याचे कसब, वरच्या पट्ट्यावरील वेणी, दोन्ही बाजूंचे कान, आणि कापशी, पुकारी, बक्कलनाली, कचकडी अशी एकेका प्रकाराची ठाशीव नावे, ही सर्व विद्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांत साठलेली आहे. २०१९ साली या पायताणाला भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली, तीही कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या महाराष्ट्रातील चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून. अंबाबाईच्या देवळाकडे जाणाऱ्या यात्रेकरूला चप्पल लाइनीतील दुकानदार हे सारे तोंडी सांगतो, चप्पल वाकवून दाखवितो, पायाला घालून पाहावयास लावतो. जो माणूस नागपुरात, बंगळुरात किंवा लंडनमध्ये बसून हेच प्रश्न फोनला विचारतो, त्याला मात्र त्यांचे उत्तर देण्याची तजवीज बहुतेक दुकानांनी केलेली नसते. किंवा एके काळी केलेली असते, पण ती अशा स्वरूपात की आजचे शोधयंत्र तिची दखलच घेत नाही. ही दुसरी अवस्था अधिक शोचनीय आहे, कारण आपली वेबसाइट आहे या समाधानात मालक असतो आणि ती कोणाला दिसत नाही याची त्याला वार्ताही नसते.

असे का होते हे समजण्यासाठी शोधयंत्राचा कारभार थोडा जवळून पाहिला पाहिजे. आपण शोधाच्या चौकटीत शब्द लिहितो तेव्हा गूगल त्या क्षणी साऱ्या जगातील पाने चाळत बसत नाही. त्याचा गूगलबॉट नावाचा प्रोग्राम अहोरात्र एका पानावरून दुसऱ्या पानावर फिरत असतो, जे वाचता येईल ते उतरून घेतो, आणि त्यावरून शब्दाशब्दांची नोंद असलेले एक अवाढव्य दप्तर तयार होते; आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या दप्तरातून काढले जाते. ज्या जमिनीची नोंद तलाठ्याच्या दप्तरी नाही तिचा सातबारा निघत नाही, मग ती जमीन कसणारा पिढ्यान्‌पिढ्या तेथे राबत असो. पानांचेही नेमके तसेच आहे. म्हणून खरा प्रश्न असा की, हा गूगलबॉट पानावर येतो तेव्हा तो ते पान कशावर उघडून वाचतो?

आरंभीची अनेक वर्षे तो ते टेबलावरच्या संगणकावर उघडल्याप्रमाणे वाचीत असे, आणि त्या काळी ते योग्यच होते. पुढे वाचणारा बदलला. २०१५ च्या मे महिन्यात गूगलने जाहीर केले की अमेरिका आणि जपान धरून दहा देशांत संगणकापेक्षा फोनवरून होणारे शोध अधिक झाले आहेत. त्याच्या आधीच, २०१४ च्या नोव्हेंबरात, फोनवर नीट वाचता येणाऱ्या पानांपुढे तशी खूण उमटविण्यास त्याने सुरुवात केली होती. २०१५ च्या फेब्रुवारीत पुढील हुकूम निघाला, आणि २१ एप्रिलपासून फोनवरील शोधांच्या क्रमवारीत पानाची फोन-सुलभता विचारात घेतली जाऊ लागली. साइटी शोधात वर आणण्याच्या धंद्यातील लोकांनी त्या दिवसाला ‘मोबाइलगेडन’ असे प्रलयसूचक नाव दिले. प्रलय काही झाला नाही. परंतु खरा पालट त्यानंतर, अधिक संथपणे आणि अधिक खोलवर झाला. २०१६ च्या नोव्हेंबरात गूगलने सांगितले की यापुढे दप्तरातील नोंदच मुळी पानाच्या फोनवरील आवृत्तीवरून करण्याचा प्रयोग सुरू होत आहे. २०१८ च्या मार्चपासून साइटी एकामागून एक त्या पद्धतीखाली आणल्या गेल्या. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या साइटीस तीच पद्धत लागू झाली. मुदतवाढी देत देत २०२३ च्या ऑक्टोबर-अखेरीस हे स्थित्यंतर पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. आणि ज्या साइटी फोनवर मुळीच उघडत नाहीत त्यांची नोंद ५ जुलै २०२४ नंतर होणार नाही, अशी शेवटची सूचनाही निघाली. अर्थात आज गूगलबॉट जवळजवळ सर्वत्र फोन होऊन येतो, आणि फोनला जे दिसत नाही ते त्यालाही दिसत नाही.

या नियमाचा परिणाम साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. २०१०-१२ च्या सुमारास बांधलेली एखाद्या दुकानाची साइट घ्या. संगणकाच्या रुंद पडद्यासाठी ती रचलेली असते. डावीकडे प्रकारांची यादी, मध्ये घराण्याचा इतिहास, चामडे कमावण्याची माहिती, मापांचा तक्ता, उजवीकडे छायाचित्रे. पुढे फोन आले तेव्हा कोणा हौशी कारागिराने तिची एक वेगळी, आटोपशीर फोन-आवृत्ती करून दिली, आणि जागा थोडी म्हणून तीत दुकानाचे नाव, एक चित्र आणि दूरध्वनी क्रमांक एवढेच ठेवले. जोवर दप्तरात मोठ्या पानाची नोंद होत होती तोवर यात काही बिघडले नाही. नवी पद्धत लागू झाल्यावर त्या दुकानाच्या नावे दप्तरी उरले ते केवळ नाव, चित्र आणि क्रमांक. कापशी चप्पल शोधणाऱ्याला ते पान सापडण्याचे कारणच राहिले नाही, कारण गूगलबॉट वाचतो त्या प्रतीत कापशी हा शब्दच कोठे नाही. मालकाने काहीही काढून टाकलेले नसते. तो आपल्या संगणकावर साइट उघडतो तेव्हा सारा मजकूर जागच्या जागी असतो, आणि म्हणूनच दोष कोठे आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही.

मजकूर फोनवर घडी करून ठेवण्यास मात्र हरकत नाही. शीर्षकावर बोट टेकताच खाली उलगडणारे परिच्छेद गूगल पूर्ण गणतीत धरतो, असे त्याने आरंभीच स्पष्ट केले होते. परंतु तो मजकूर पानात आधीपासून असला पाहिजे. बोट टेकल्यावरच दूरच्या यंत्राकडून मागवून आणला जात असेल तर तो गूगलबॉटला मिळत नाही, कारण तो वाचतो, बोट टेकीत नाही. ‘आणखी पाहा’ या बटणामागे आपल्या निम्म्या चपला लपवून ठेवणाऱ्या दुकानांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

फोनसाठी निराळी साइट बांधण्याची आवश्यकता वस्तुतः केव्हाच संपली आहे. ईथन मार्कोट या अमेरिकी रचनाकाराने २०१० च्या मे महिन्यात ‘अ लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकात लेख लिहून ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ ही कल्पना मांडली: रकाने ठरावीक रुंदीचे न ठेवता प्रमाणात ठेवावेत, चित्रे आपल्या चौकटीबरोबर लहान-मोठी व्हावीत, आणि पडद्याची रुंदी पाहून मांडणीचे नियम बदलावेत. एकच पान, एकच पत्ता, आणि मजकूरही एकच. पडदा जसा असेल तशी त्याची बैठक. या रचनेची पहिली पायरी म्हणजे पानाच्या शीर्षभागातील ‘व्ह्यूपोर्ट’ची एक ओळ. ती नसेल तर आयफोनचा ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद आहे असे गृहीत धरून ते संबंध आकसून दाखवितो, इतरही ब्राउझर बहुधा तसेच वागतात, आणि मग वाचकाला दोन बोटांनी पान ताणून, डावी-उजवीकडे सरकवीत, एकेक ओळ हुडकावी लागते. साठीच्या पुढचा, चष्मा लावणारा गृहस्थ ही यातायात किती वेळ सहन करील? तो माघारी फिरतो आणि दुसऱ्या पानावर जातो. त्यात त्याचा काहीही दोष नाही.

भारतात फोनवर नीट दिसण्याची ही निकड इतर देशांहून अधिक तीव्र आहे. येथे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या द्वारे; पण त्यानंतरची वीस वर्षे ते शहरांतील कचेऱ्या, सायबर कॅफे आणि काही सुखवस्तू घरे यांच्यापलीकडे फारसे पसरले नाही. २०१६ च्या ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली, डेटाचे दर कोसळले, आणि ज्या कुटुंबांत संगणकाने कधी प्रवेश केला नव्हता तेथे इंटरनेट थेट फोनमधून आले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये गूगलने मराठीसह आणखी काही भारतीय भाषांत बोलून शोध घेण्याची सोय केली, तेव्हा टंकलेखनाचा अडसरही दूर झाला. कागलची, गडहिंग्लजची, जतची गृहिणी आज मुलाच्या लग्नासाठी चप्पल हवी म्हणून फोनला मराठीत विचारते. तिच्या बाबतीत फोन ही संगणकाची धाकटी आवृत्ती नाही; तिने दुसरे काही पाहिलेलेच नाही. असे असता आपल्याकडील व्यापारी साइट बनवून घेतो ती अजूनही कचेरीतल्या मोठ्या पडद्यावर पाहून पसंत करतो, ही पद्धत तत्काळ बदलली पाहिजे. साइट पसंत करावयाची ती पाच-सहा वर्षांच्या, मध्यम किमतीच्या अँड्रॉइड फोनवर, घराबाहेर, उन्हात, आणि जेथे रेंज जेमतेम मिळते अशा जागी उभे राहून.

वेगाचा मुद्दा येथेच येतो. २०१६ साली गूगलच्याच डबलक्लिक या विभागाने केलेल्या पाहणीत असे आढळले होते की पान उघडण्यास तीन सेकंदांहून अधिक वेळ लागला तर फोनवरील ५३ टक्के भेटी तेथेच संपतात. २०१८ च्या जुलैपासून फोनवरील वेग हा क्रमवारीचा एक निकष झाला आणि २०२१ पासून ‘कोअर वेब व्हायटल्स’ या नावाने त्याची काटेकोर मापे क्रमवारीत धरली जाऊ लागली: पानातील मुख्य चित्र वा मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा; वाचता वाचता मांडणी अचानक सरकून भलत्याच बटणावर बोट पडू नये; आणि बोट टेकल्यावर पानाने २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद द्यावा, हे शेवटचे माप आजच्या स्वरूपात २०२४ च्या मार्चपासून लागू झाले. ही मापे एखाद्या प्रयोगशाळेत घेतलेली नसून प्रत्यक्ष वापरणाऱ्यांच्या क्रोम ब्राउझरमधून गोळा होतात, आणि शंभरांतील पंचाहत्तर भेटींत ती साधली तरच पान उत्तीर्ण समजले जाते. म्हणजे मालकाच्या महागड्या फोनवर साइट झटकन उघडते या गोष्टीला काही मोल नाही. त्याच्या गिऱ्हाइकांच्या फोनांवर ती कशी उघडते, यावर निकाल लागतो.

चपलांच्या दुकानाच्या बाबतीत मंदपणाचे कारण शोधावयास फार लांब जावे लागत नाही. छायाचित्रेच ते कारण असते. आजच्या फोनवर काढलेले एकेक छायाचित्र तीन-चार मेगाबाइटांचे सहज भरते. तशी वीस चित्रे पानावर जशीच्या तशी चढविली की गिऱ्हाइकाच्या माथी साठ ते ऐंशी मेगाबाइटांचा बोजा पडतो. तेच चित्र हजार पिक्सेल रुंदीचे करून, वेबपीसारख्या आटोपशीर स्वरूपात ठेवले तर शंभर-दीडशे किलोबाइटांत मावते आणि फोनच्या पडद्यावर त्याच्या वेणीचा एकही पेड कमी दिसत नाही. या कामाला खर्च जवळजवळ शून्य आहे. ते होत नाही ते केवळ ते करावयाचे असते हे कोणी सांगत नाही म्हणून, याचे मला अतिशय वाईट वाटते.

चित्रांविषयी आणखी एक सांगितले पाहिजे, कारण मराठी व्यावसायिकांत हा दोष फार रूढ आहे. पुष्कळ साइटींवर मराठी मजकूर अक्षरांच्या रूपाने नसून चित्राच्या रूपाने असतो: छापखान्याकडून सुबक अक्षरांत पत्रक करून घ्यावे आणि तेच पानावर चिकटवावे. फोनवर ते पत्रक आकसून वाचेनासे होते, आणि शोधयंत्राला त्यातील शब्द पानावरच्या मजकुराइतके खात्रीने मिळत नाहीत. या रूढीला इतिहास आहे. युनिकोड ही सामायिक अक्षर-संकेतपद्धती सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी टंक निरनिराळ्या कंपन्यांच्या खासगी संकेतांवर चालत. त्या संकेतांत लिहिलेले पान तो विशिष्ट टंक बसविलेल्या संगणकावर मराठी दिसे आणि इतरत्र अर्थहीन रोमन चिन्हांची रांग दिसे. त्या काळी चित्र चिकटविणे हाच शहाणपणा होता. आज प्रत्येक फोनवर देवनागरी उमटते, मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडविलेल्या ‘मुक्ता’सारखा सुरेख टंक विनामूल्य उपलब्ध आहे; तरीही जुन्या संकेतांतील मजकूर आणि पत्रकांची चित्रे कित्येक साइटींवर तशीच पडून आहेत. त्या पानांनी मराठीत पुष्कळ काही सांगितलेले असते आणि शोधयंत्राच्या दप्तरी त्यातील जवळजवळ काहीच रुजू झालेले नसते. मराठीत शोधले तर काही मिळत नाही, अशी तक्रार आपण करतो. तिचे एक कारण हेही आहे.

फोन-सुलभता म्हणजे सर्व काही, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. पानात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरच नसेल तर ते कितीही चपळ आणि देखणे असले तरी वर येत नाही. उलट उत्तम मजकुराचे पान फोनच्या दृष्टीने थोडे गैरसोयीचे असले तरी वरचे स्थान टिकवू शकते, हे गूगलने २०१५ मध्येच बजावले होते. गावातल्या गावात दुकान शोधणाऱ्याला नकाशासह जी यादी दिसते तिचे निकष प्रश्नाशी संबंध, अंतर आणि दुकानाची ख्याती हे आहेत, आणि तेथे नाव, पत्ता, वेळा व छायाचित्रे अद्ययावत ठेवण्याचे काम विनामूल्य करता येते. ते तर प्रत्येकाने करावेच.

पुष्कळ तरुण दुकानदारांचे म्हणणे असे पडते, की व्हॉट्सॲपवर चित्रे पाठवितो, बड्या विक्रीकेंद्रांवर माल ठेवतो, मग स्वतःच्या साइटीचा खटाटोप कशाला? त्यांचा धंदा त्यावर चालतो हे खरे आहे आणि त्या साधनांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु व्हॉट्सॲपवर जे गिऱ्हाईक येते ते आपला क्रमांक आधीच जवळ असलेले. अनोळखी शोध घेणाऱ्याला तेथील संभाषण कधीही सापडत नाही. विक्रीकेंद्रावर तो येतो, पण तेथे बाभळीच्या सालीत कमावलेले चामडे आणि रेक्झिनची नक्कल शेजारी शेजारी, एकाच चौकटीत, केवळ किमतीच्या क्रमाने मांडलेली असतात, आणि फरक समजावून सांगण्याची मुभा कारागिराला दोन-चार ओळींपलीकडे नसते. तेथील नियम आणि अडत ठरविण्याचा अधिकारही त्याचा नाही. जी गोष्ट महाग का आहे हे सांगितल्यावाचून विकली जात नाही, तिच्या कर्त्याला स्वतःच्या ताब्यातील एक जागा असणे अगत्याचे आहे.

अशी जागा तयार होण्याची एक संधी आज समोर आहे. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने नकली मालाला आळा घालण्यासाठी कोल्हापुरी चपलांवर क्यूआर कोड लावण्याची योजना आणली. तो वाचला की ती जोडी कोणी, कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या चामड्याची घडविली याची माहिती मिळावी, हा तिचा हेतू. क्यूआर कोड फोननेच वाचला जातो, म्हणजे त्यामागील पान मुळातच फोनसाठी असते. तेच पान चप्पल विकत घेतल्यानंतरच नव्हे तर घेण्यापूर्वीही शोधणाऱ्याला सापडेल असे खुले ठेवावे. त्यावर कारागिराच्या संमतीने त्याचे नाव, गाव, तो करतो ते प्रकार, पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजण्याची रीत आणि तळ किती दिवसांत पायाला बसतो याची कल्पना, हे सारे युनिकोड मराठीत आणि इंग्रजीत, अक्षरांच्या रूपाने लिहावे. दाबण्याची बटणे अंगठ्याला पुरेशी, सुमारे ४८ पिक्सेलांची असावीत. क्रमांकावर बोट टेकताच फोन लागावा. पान उघडताक्षणी संपूर्ण पडदा झाकणारी जाहिरात त्यावर नसावी, जिला २०१७ च्या जानेवारीपासून गूगल स्वतःच प्रतिकूल मानतो. कोल्हापूरच्या सुभाषनगरातील कारागिराच्या घरात शिकलेली मुलगी असते, तिच्या हातात फोन असतो. महामंडळाच्या प्रशिक्षणवर्गात कातडे कापण्याबरोबर छायाचित्र हलके करणे आणि चार परिच्छेद नीट लिहिणे शिकविले गेले, तर ते पान राखण्याचे काम तीच करील.